शाळेचे शेवटचे वर्ष

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या आवारात सकाळी मुलींची शाळा भरते आणि दुपारी मुलांची. या दोन्ही शाळांतील दहावीच्या पालकांनी जुलै महिन्यात कार्यकारी मंडळाकडे एक अर्ज दिला आहे. तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण त्याच्यावर सह्या तुमच्याच आहेत. अर्जात म्हटले आहे की दहावीच्या मुलामुलींना स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, परिपाठ आणि वर्गप्रमुखाचे काम या सगळ्यांतून मोकळे करावे. वर्षभर अभ्यास आणि फक्त अभ्यास. मुलींच्या बाबतीत आणखी एक ओळ आहे. शेवटचा तास संपताच त्यांना घरी सोडावे, कोणत्याही कामासाठी शाळेत थांबवू नये.

निर्णय होण्यापूर्वी या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे मंडळाने सांगितले. मलाच का, तर मी ज्या शाळेतून दहावी झालो ती मुंबईच्या उपनगरातील कॅथलिक फादरांची, फक्त मुलांची शाळा होती. माझी खाला आणि माझी आपा ननच्या, फक्त मुलींच्या शाळांत शिकल्या. या शाळांत शेवटचे वर्ष कसे जात असे, हे आमच्या घरात जेवताना नेहमी निघणारे बोलणे आहे. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. त्या शाळांची जाहिरात करायला मी उभा नाही. त्यांत मला जे खटकले तेही सांगणार आहे.

प्रथम या शाळा काय आहेत ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' हा शब्द कोणत्याही टाय लावलेल्या शाळेला चिकटवतात. कॉन्व्हेंट म्हणजे ननचा मठ, आणि खरी कॉन्व्हेंट शाळा ती, जी अशा मठाने चालवलेली असते. फादरांच्या शाळा वेगळ्या. जेझुइट हा त्यांतला नावाजलेला संघ. त्याची पहिली शाळा १५४८ साली इटलीत मेसिना येथे निघाली. मुंबईतील माझगावची सेंट मेरीज १८६४ची आणि धोबी तलावाची सेंट झेव्हियर्स १८६९ची, या दोन्ही त्यांच्याच. ननच्या संघांपैकी 'जीझस अँड मेरी' हा संघ क्लोदीन तेवने या बाईंनी १८१८ साली फ्रान्समधील लिऑन शहरात काढला आणि १८४२ साली त्याच्या नन आग्र्याला पोचल्या. पुढे त्यांच्या शाळा मुंबई, पुणे, दिल्ली, कराची अशा पसरल्या. पाकिस्तानच्या पंतप्रधान झालेल्या बेनझीर भुट्टो त्यांच्या कराचीच्या शाळेत होत्या.

आपल्या समाजातील पालकांनी या शाळांवर विश्वास टाकला याची कारणे दोन. एक, शिस्त. दुसरे, मुलींच्या शाळेत आत पुरुषमाणूस नाही. धर्माचे काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला जाई आणि आजही विचारतात. राज्यघटनेचे कलम २८ (३) पाहावे. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आमच्या शाळेत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला शेजारच्या खोलीत जात आणि आम्ही उरलेले, म्हणजे हिंदू, मुसलमान, एक पारशी आणि दोन शीख, नीतिशिक्षणाला बसत असू. दहा वर्षांत मला कोणी क्रूस हाती दिला नाही. फीसुद्धा आमच्यासारख्यांना झेपेल अशीच होती, कारण शाळा अनुदानित होती. माझे अब्बा गोदीत कामगार होते, हे सांगितले म्हणजे कल्पना येईल.

आता शेवटच्या वर्षाकडे येतो. जून २००५ मध्ये आम्ही दहावीत गेलो. पहिल्या पंधरवड्यातच बिल्ले देण्याचा समारंभ झाला. सगळी शाळा मैदानावर उभी, आणि दहावीच्या मुलांना नावाने बोलावून छातीवर बिल्ला लावायचा. कोणी हाउस कॅप्टन, कोणी वाचनालयाचा, कोणी प्रयोगशाळेचा, कोणी पाण्याच्या टाकीचा. हो, पाण्याच्या टाकीचाही एक बिल्ला होता आणि तो मला मिळाला. मधल्या सुट्टीत नळाशी रांग लावायची, लहान मुलांना आधी पाणी मिळते की नाही ते पाहायचे, नळ गळत असेल तर कार्यालयात चिठ्ठी द्यायची. घरी सांगितले तेव्हा अम्मी हसली. अब्बा हसले नाहीत. त्यांनी विचारले, "रोज करणार, का पहिले आठ दिवस?"

त्या शाळेत दहावीचा कोणताही मुलगा बिल्ल्यावाचून नव्हता, हे मला पुढे शिक्षक झाल्यावर महत्त्वाचे वाटू लागले. हुशारांना मोठी कामे आणि मागच्या बाकावरच्यांना काहीच नाही, असे तिथे नव्हते. नापास होण्याच्या काठावर असलेल्या मुलालाही काम होते, आणि ते न केल्यास ओरडा हुशार मुलाइतकाच बसे.

जुलै महिन्याची २६ तारीख आली. मुंबईकरांना ती सांगावी लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे शहराच्या एका टोकाला लोक छत्री घेऊन फिरत होते आणि दुसऱ्या टोकाला बसगाड्या बुडत होत्या. दुपारी दोननंतर आमच्या भागात रस्ता दिसेनासा झाला. गाड्या बंद, बस बंद, संध्याकाळी वीजही गेली. ज्यांची घरे जवळ होती त्यांना पालक घेऊन गेले. शंभराच्या वर मुले शाळेतच अडकली. त्यांत पाचवी-सहावीची पुष्कळ.

मुख्याध्यापक फादरांनी आम्हा दहावीच्या मुलांना दुसऱ्या मजल्यावर बोलावले. भाषण केले नाही. एक हजेरीपट फाडून त्याची पाने वाटली आणि सांगितले की प्रत्येकाने पाच लहान मुले घ्यायची, त्यांची नावे, पत्ता आणि घरचा फोन लिहायचा, आणि उद्या पालकाच्या हाती मूल दिल्यावर त्या नावापुढे पालकाची सही घ्यायची. "सही नसेल तर मूल तुमच्याजवळ आहे असे मी समजेन," एवढेच ते म्हणाले. माझ्या वाट्याला पाचवीतली पाच मुले आली. फादरांच्या मुदपाकखान्यातून चहा आणि पाव आले. एक मुलगा रडायचा थांबेना, त्याला मी विजेरी धरायला दिली. मग तो जिन्यावर पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. रात्रभर बाकांवर आडवे झालो, पण झोप कोणाला लागणार.

अब्बा त्या रात्री गोदीतच अडकले होते. सकाळी ते निघाले आणि शीवपासून पुढे कमरेएवढ्या पाण्यातून चालत दुपारी शाळेत पोचले. अंगावरचे कपडे चिखलाने भरलेले, एक चप्पल गेलेली. मला पाहताच म्हणाले, "चल." मी म्हणालो, "अब्बा, जरा थांबा. माझी दोन पोरे अजून द्यायची आहेत." मला वाटले, आता बसणार. ते काही बोलले नाहीत. पायरीवर बसले. दोन तास बसून राहिले. शेवटच्या मुलाचे वडील आले, त्यांनी सही केली, कागद मी फादरांच्या हाती दिला आणि मग आम्ही निघालो. वाटेत अब्बांनी एकच विचारले, "त्या फादरने तुझ्या हातात कागद दिला होता?" मी हो म्हणालो. त्यानंतर त्यांनी मला कधी 'तू अजून लहान आहेस' असे म्हटलेले आठवत नाही.

पालकहो, तुमच्या अर्जाप्रमाणे त्या वर्षी आमच्या शाळेत दहावीला सगळ्यातून मोकळे केलेले असते तर त्या रात्री फादरांना ती पाने कोणाच्या हाती देता आली असती? नववीच्या?

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट सांगून माझे पुरे करतो. २००५ साली रमजान ऑक्टोबरमध्ये आला आणि आमची सहामाही परीक्षा रोज्यांतच झाली. जुम्याच्या दिवशी मला नमाजला लवकर जायचे असे. नळाची माझी पाळी माझा एक कॅथलिक मित्र घेई, तीही रमजानपुरती नव्हे, वर्षभर. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी त्यांची मिस्सा असे, तेव्हा त्याचे फाटकावरचे काम मी करी. हे कोणी शिक्षकाने ठरवून दिले नव्हते. दोघांच्या छातीवर बिल्ले होते आणि दोघांनाही शुक्रवार होता, म्हणून ठरले. सर्वधर्मसमभावावरचे निबंध मी शिक्षक म्हणून आजवर शेकड्याने तपासले आहेत. त्या निबंधांत हे येत नाही.

आता मुलींकडे वळतो, कारण अर्जातील ती शेवटची ओळ मला जास्त बोचली.

माझी खाला १९७५ साली मॅट्रिक झाली. जुन्या लोकांना आठवत असेल, त्या वर्षी महाराष्ट्रात अकरावीची जुनी एस.एस.सी. शेवटची झाली आणि दहावीची नवी एस.एस.सी. पहिली. म्हणजे खाला अकरावीवाल्यांच्या शेवटच्या तुकडीत. १९७४च्या दिवाळीच्या सुमारास तिला एक स्थळ सांगून आले. मुलगा कुवेतला होता, त्याला जानेवारीत परत जायचे होते, घाई होती. नानांनी तिचे नाव शाळेतून काढायचे ठरवले आणि शाळेत निरोप पाठवला.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टर चाळीत आल्या. तीन जिने चढून. पन्नाशीच्या मंगळुरी बाई, मराठी मोडके. नानीने चहा केला. सिस्टर नानांना म्हणाल्या, "साहेब, लग्न जूनमध्ये पण होते. परीक्षा मार्चमध्ये आहे. आणि पुढच्या वर्षी अकरावीचा वर्गच नाही, मी हिला बसवू कुठे?" नाना म्हणाले, मुलाकडचे थांबणार नाहीत. त्यावर सिस्टरनी जे सांगितले ते खाला अजून त्यांच्या आवाजात करून दाखवते: "शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडे आहे. किल्ली मला मार्चमध्ये परत पाहिजे. तिनेच आणून दिली पाहिजे." नानांना त्यातले किती पटले अल्लाह जाणे. पण घरच्या मुलीकडे शाळेची किल्ली आहे हे त्यांना माहीत नव्हते. स्थळ गेले. खाला पास झाली, कॉलेजात गेली, बँकेत लागली आणि २०१९ साली तिथूनच निवृत्त झाली. लग्नही झाले, तिच्या पसंतीच्या वेळी. नाना शेवटपर्यंत म्हणत, त्या बाईने मला फसवले, किल्ली काय कोणीही नेऊन दिली असती. पण हसत म्हणत.

आपा २००० साली दहावी झाली, तेही मुलींच्याच शाळेत. तिच्या वर्षीची हकिगत एवढी नाट्यमय नाही, पण आपल्या कामाची आहे. त्यांच्या शाळेत दरवर्षी डिसेंबरात आनंदमेळा होई. खाण्याचे आणि खेळांचे स्टॉल, तिकिटे, कूपने. दहावीच्या वर्गाने सगळे चालवायचे. टेबले उचलणार कोण? मुली. माइकची वायर ओढणार कोण? मुली. जमलेले पैसे मोजून बँकेत भरणार कोण? तेही मुलीच, आणि ते काम आपाकडे होते. मुलगे असलेल्या शाळेत शिक्षकाच्या तोंडून सहज निघून जाते, "दोन मुलगे इकडे या, टेबल उचला, मुलींनो, तुम्ही रांगोळी काढा." मी स्वतः दोन्ही प्रकारच्या शाळांत शिकवले आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो. मुलींच्या शाळेत हे वाक्य बोलताच येत नाही. तिथे टेबलाचे वजन मुलीला कळते. पावतीपुस्तकातला चुकलेला आकडा रात्री आठपर्यंत बसून शोधायचा असतो आणि तो तिलाच सापडावा लागतो. आपा आज एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. ती म्हणते, मी बी.कॉम. पुढे झाले, हिशेब शिकले त्या मेळ्यात.

निरोपसमारंभाच्या दिवशी दहावीच्या मुलींनी पेटती मेणबत्ती नववीच्या हाती द्यायची अशी तिथे रीत होती. आपाच्या वेळी वाऱ्याने निम्म्या विझल्या आणि एकच हशा झाला. असो.

आपल्याकडे सकाळची शाळा फक्त मुलींची आहे. जागा तीच, संधी तीच. आणि आपण म्हणतो आहोत की शेवटचा तास संपताच त्यांना घरी पाठवा.

परदेशातले दोन दाखले देतो. ते पुस्तकांतून आलेले आहेत, माझ्या अनुभवाचे नाहीत. अमेरिकेत शालेय शिक्षण बारावीपर्यंत असते आणि त्या शेवटच्या वर्षाला 'सीनियर इयर' म्हणतात. कॅथलिक संघांच्या फक्त मुलांच्या आणि फक्त मुलींच्या शाळा तिथेही पुष्कळ. डॅलस शहरात उर्सुलाइन ननची मुलींची शाळा आहे, १८७४ साली निघालेली. तिचे ब्रीद लॅटिनमधले एकच क्रियापद आहे, त्याचा अर्थ 'मी सेवा करीन'. १९८० च्या सुमारास तिथल्या गणिताच्या एका शिक्षिकेने एका परिषदेत ॲपल संगणक पाहिले आणि शाळेला ते घ्यायला लावले. संगणक हा मुलांचा विषय असे समजण्याचे ते दिवस. मेलिंडा फ्रेंच नावाची विद्यार्थिनी त्या यंत्रावर प्रोग्रॅम लिहायला शिकली, १९८२ साली शाळेत पहिली आली, संगणकशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि १९८७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये लागली. पुढे त्या मेलिंडा गेट्स म्हणून जगाला माहीत झाल्या. त्यांचे २०१९ चे आत्मकथनपर पुस्तक आपल्या वाचनालयाने घ्यावे असे मी सुचवले आहे.

दुसरे नाव डॉ. अँथनी फाउची. कोरोनाच्या दिवसांत दूरदर्शनवर रोज दिसणारे ते वयस्क अमेरिकन डॉक्टर. ते न्यूयॉर्कच्या रीजिस हायस्कूलचे. जेझुइटांची ही मुलांची शाळा १९१४ पासून आहे आणि तिथे फीच नाही. प्रवेश परीक्षेवर मिळतो. फाउची औषधविक्रेत्याचा मुलगा, ब्रुकलिनहून भुयारी रेल्वेने एक तासाहून जास्त प्रवास करून जाई. लॅटिन आणि ग्रीक शिकत असताना, उंची बेताची असताना, तो शाळेच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान होता. १९५८ साली शाळा संपली. अभ्यास आणि खेळ यांचे भांडण असते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे सांगितले.

अमेरिकेतल्या या शाळांतली एक प्रथा मला मात्र फार आवडली. शेवटच्या वर्षी मुलांना काही दिवस शहराबाहेर शांत जागी नेतात. तिथे एके दिवशी प्रत्येकाच्या हातात पत्रे पडतात. आईवडिलांनी, भावंडांनी गुपचूप लिहून शाळेकडे दिलेली. त्यांत गुणांविषयी काही नसते. तू आम्हाला कसा वाटतोस, एवढेच. थोराड मुले ती पत्रे वाचून रडतात म्हणे. यात धर्माचा प्रश्न येत नाही. आपल्यातल्या किती वडिलांनी आपल्या मुलाला आयुष्यात एक तरी पत्र लिहिले आहे?

आपल्या देशातलेही एक उदाहरण देतो, कारण अर्जात नाटकाचा उल्लेख 'वेळेचा अपव्यय' असा आहे. अभिनेते नसीरुद्दीन शाह नैनितालच्या सेंट जोसेफ्समध्ये, आयरिश ब्रदरांच्या मुलांच्या शाळेत होते. नववीत ते नापास झाले. मग वडिलांनी अजमेरच्या सेंट अँसेल्म्समध्ये घातले. तिथे शाळेच्या रंगमंचावर शायलॉकची भूमिका करताना त्यांना स्वतःची ओळख पटली. २०१४ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. प्रत्येक मूल नसीरुद्दीन होणार नाही, मान्य. पण मागच्या बाकावरचा नापास मुलगा कुठे उभा राहिला की सरळ उभा राहील, हे प्रश्नपत्रिकेवरून कळत नाही.

आता खटकलेल्या गोष्टी.

आमच्या शाळेत व्हरांड्यात मराठी, हिंदी किंवा उर्दू शब्द तोंडून निघाला तर एक रुपया दंड होता. इंग्रजी यावे म्हणून, हे कबूल. पण याच जेझुइट संघाच्या फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात मराठीतून ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापले, आणि चारशे वर्षांनी शाळेत मराठी बोलायला दंड! आमचे मराठीचे सर वसईचे कॅथलिक. त्यांचे मराठी आमच्या घरच्या कोकणी बोलीपेक्षाही रसाळ. शिक्षकांच्या खोलीत त्यांना इंग्रजी-गणितवाल्यांइतका मान नव्हता, हे आम्हा मुलांनाही दिसत असे. मी मराठीचा शिक्षक झालो त्याचे श्रेय मात्र त्यांचे. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मला आमच्या सरांना कळवावेसे फार वाटले. ते तोवर हयात नव्हते.

दुसरे असे की, दहा वर्षे फक्त मुलांत काढल्यावर अकरावीला कॉलेजात शेजारच्या बाकावर मुली पाहून आमची बोबडी वळली. साधी वही मागायची तर घाम. शेवटच्या वर्षी जवळच्या ननच्या शाळेबरोबर एक 'सोशल' ठेवत, गाणी आणि नाच. आमच्यासारख्या घरांतून त्याला कोणी पाठवत नसे, आणि न पाठवण्यात मला गैर वाटत नाही. पण बहिणीखेरीज कोणत्याही मुलीशी सभ्यपणे चार वाक्ये कशी बोलावीत, हे शाळेने कुठेच शिकवले नाही. आपल्या दोन पाळ्यांच्या शाळेतही हा दोष आहे. विज्ञान प्रदर्शन किंवा वक्तृत्व स्पर्धा दोन्ही पाळ्यांनी मिळून, शिक्षकांच्या देखरेखीखाली भरवायला काय हरकत आहे, याचा मंडळाने विचार करावा.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि ती माझी नाही, त्यांच्याच प्रमुखांची आहे. १९७३ साली जेझुइटांचे जगातले प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा हे गृहस्थ तिथेच होते. वैद्यकीचे शिक्षण झालेले असल्यामुळे त्यांनी जखमींवर उपचार केले होते. अशा माणसाने माजी विद्यार्थ्यांना समोर बसवून विचारले की आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवले काय? आणि स्वतःच उत्तर दिले की नाही, शिकवले नाही. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे आपल्या शाळांचे काम आहे, असे त्यांनी सांगितले. समोरच्यांतल्या अनेकांना ते आवडले नाही. आपल्या सोसायटीच्या पन्नास-साठ वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे असा प्रश्न ठेवायचा झाला तर व्यासपीठावरून कोण विचारील, आणि उत्तर काय येईल? मी शिक्षक आहे, हा प्रश्न मलाही लागू आहे.

आता अर्जाविषयी माझे स्पष्ट मत. अभ्यासाची चिंता खरी आहे. आपल्यातले कित्येक पालक स्वतः दहावीपर्यंत पोचले नाहीत, त्यामुळे या परीक्षेचा धाक त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. म्हणून जानेवारीनंतर दहावीला कोणतेही काम देऊ नये, ही मागणी मला मान्य आहे. सराव परीक्षेच्या काळात क्रीडास्पर्धा ठेवू नयेत, हेही मान्य. पण जूनपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक मुलाकडे आणि प्रत्येक मुलीकडे शाळेचे एक काम असावे. दिवसाला पंधरा-वीस मिनिटांचे. नळ, वाचनालय, प्रयोगशाळा, पाचवीच्या मुलांचा पाढ्यांचा तास, आजारी मुलाच्या घरी वह्या पोचवणे, स्नेहसंमेलनाचा हिशेब. कोणीही त्यातून वगळलेले नसावे, ना हुशार म्हणून, ना कच्चा म्हणून, ना मुलगी म्हणून. मुलींना कामासाठी थांबावे लागेल त्या दिवशी दोन शिक्षिका थांबतील आणि मोहल्ल्यापर्यंत सोबत येतील. तसे सकाळच्या पाळीच्या बाईंनी माझ्याकडे कबूल केले आहे.

आणि मुली मधेच शाळा सोडतात त्याविषयी. गेल्या वर्षी सकाळच्या पाळीतून दिवाळीनंतर तीन मुली दहावीतून गेल्या. कोणाच्या घरच्या, ते मी इथे बोलणार नाही. त्यांच्याकडे शाळेचे कोणतेच काम नव्हते, कोणतीच किल्ली नव्हती. त्यांना परत मागायला आम्ही कोणत्या तोंडाने तीन जिने चढणार होतो?

कामांची यादी तयार आहे. मंडळाने मंजुरी दिली तर ती येत्या सोमवारी दोन्ही पाळ्यांच्या फलकावर लागेल. ज्या पालकांनी अर्जावर सही केली आहे आणि ज्यांना अजूनही आपल्या पाल्याचे नाव यादीत नको आहे, त्यांनी शनिवारी दुपारी दोन्ही पाळ्यांच्या मधल्या वेळेत मला शिक्षकांच्या खोलीत भेटावे. येताना मुलाला किंवा मुलीला सोबत आणावे, म्हणजे त्यांचेही ऐकता येईल. पत्रांचे म्हणाल तर ती डिसेंबरअखेर बंद पाकिटात कार्यालयात द्यावीत. मराठीत, उर्दूत, कोकणीत, कशातही चालतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे पत्र मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहून देईन आणि त्यातला शब्द बाहेर जाऊ देणार नाही.